धरमपेठेतला अद्भुतकथांचा वर्ग: भांडवलशाही फर्मास, कॅम्प कच्चं

नागपूरच्या महाल भागात आमचं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाच्या कपड्यांचं आणि मुकुटांचं दुकान आहे. राजे, राक्षस आणि पऱ्या भाड्याने देऊनच आमचं घर चालतं. त्यामुळे अद्भुतकथा, भांडवलशाही आणि उत्तर-आधुनिक समीक्षा असा रविवारचा वर्ग निघाल्याचं कळताच फी भरून टाकली. शिकलेले लोक आपल्या मालाबद्दल काय बोलून राहिले, ते ऐकावं म्हटलं.

भांडवलशाहीचा भाग खरंच जमला. सोन्याच्या ढिगावर झोपलेला ड्रॅगन म्हणजे भांडवलदार, असं एक पोरगा म्हणाला. सरांनी लगेच मार्क्सच्या १८६७च्या ‘भांडवल’ या ग्रंथातला कंजूष काढला. कंजूष पैसा बाजारातून काढून दडवतो. भांडवलदार तोच पैसा वाढवायला पुन्हा पुन्हा बाजारात सोडतो. म्हणजे ड्रॅगन निव्वळ कंजूष. भांडवलदार कोण, तर त्या ड्रॅगनचं चित्र छापलेले कप आणि टी-शर्ट विकणारा. इतवारीतल्या कोणत्याही सराफाला हे पाच मिनिटांत पटेल. उत्तर-आधुनिकतेवर लिहिणारे समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांचं ‘पॅस्टिश’ही पोचलं: जुन्या शैलीची नक्कल, पण टोमणा मारायची इच्छाच नसलेली. पहिल्या पानावर नकाशा, मग अनाथ पोरगा, मग तलवार. अद्भुतकथांची एवढी पुस्तकं एकाच साच्यातली का, ते कळलं.

कॅम्पच्या तासाला मात्र गाडी घसरली. हे कॅम्प म्हणजे शिबिर नाही, भडक, नाटकी गोष्टींची मजा घेणारी आवड. त्यावरचा अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅगचा १९६४चा निबंध, त्यातल्या ५८ टिपा, कृत्रिमतेची आणि अतिशयोक्तीची हौस, इथवर ठीक. जाणूनबुजून केलेल्या कॅम्पपेक्षा भोळं कॅम्प सरस, असं सोंटॅगबाई म्हणतात. त्यावर सरांनी पडद्यावर एक नाटकातला मुकुट दाखवला आणि वर्ग हसला.

भोळं? कोणाचं भोळं? पुठ्ठ्यावर सोनेरी पन्नी, कडेने आरशाच्या टिकल्या, मागे नाडी. नाडी अशासाठी, की तोच मुकुट आज थोराड रावणाला आणि उद्या गॅदरिंगमधल्या चौथीच्या पोराला बसला पाहिजे. टिकल्या मोठ्या, कारण हॅलोजनच्या उजेडात शेवटच्या सतरंजीवरच्या माणसालाही राजा कोण ते दिसलं पाहिजे. पितळेचा केला तर नटाची मान अवघडते आणि भाडं मंडळाला झेपत नाही. भडकपणा हा आमचा हिशेब आहे, राजेहो. भांडवलशाहीवर इतकं बोलणाऱ्यांना हे भाडं दिसू नये?

आपल्या पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, लोक ढसाढसा रडतात, त्याला कॅम्प म्हणायचं का, असंही विचारलं. सर “चांगला मुद्दा” म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

बाकी चहा झकास, एसी अंगावर येणारा, झेरॉक्सची पुस्तिका इतकी पुसट की तळटिपा वाचताच येत नाहीत. पाचपैकी साडेतीन. वाचायची आवड असेल तर पुढच्या बॅचला जरूर जा. आयोजकांना सांगणं एवढंच, की कॅम्पच्या तासाला प्रोजेक्टर बंद ठेवा आणि आमच्याकडून मुकुटांची एक पेटी घेऊन जा. भाडं नको. मुकुट वाकवून आणला तर डिपॉझिट मात्र कापणार.