वेगळं बसवायचं की जवळ बसायचं?

थोरल्यानं अर्धा तास खपून ठोकळ्यांचा मनोरा रचला होता. धाकटीचा पाय लागला आणि तो कोसळला. पुढच्या क्षणी एक ठोकळा तिच्या कपाळावर बसला आणि दोघांनीही भोकाड पसरलं. थोरला तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला कोपऱ्यात बसवू की मांडीवर घेऊ, हे मला त्या घटकेला सुचेना.

वेगळं बसवणं म्हणजे ‘टाइम-आउट’. १९६०च्या दशकात वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत रूढ केली. त्यामागची कल्पना साधी आहे: चुकीच्या वागण्याला मिळणारं लक्ष आणि मजा थोडा वेळ बंद. वयाच्या दर वर्षामागे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला चार मिनिटं. व्याख्यान नाही, आरडाओरडा नाही, आणि वेळ संपली की विषयही संपला. घरोघरी मात्र टाइम-आउटच्या नावाखाली ‘जा खोलीत, तोंड दाखवू नकोस’ एवढंच उरतं. ते टाइम-आउट नव्हे, ती हकालपट्टी झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१८ साली मारण्याबरोबरच ओरडणं आणि लाजवणं यांनाही विरोध केला, तो उगाच नाही.

जवळ बसणं, म्हणजे ‘टाइम-इन’, यात आधी हात धरायचा आणि मग भावनेला नाव द्यायचं. ‘एवढा रचलेला मनोरा पडला, खूप राग आला ना?’ नाव दिल्यानं काय होणार, असं मलाही वाटायचं. पण २००७ साली मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा भावनेला शब्द दिला की अमिग्डलाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल मंदावलेली दिसली. हा प्रयोग मोठ्या माणसांवर झाला होता, हे ध्यानात ठेवलेलं बरं. लहान मुलाकडे मुळात शब्दच कमी असतात, ते आपणच पुरवायचे.

या पद्धतीत वेळ मात्र फार जातो. घराबाहेर पडायच्या घाईत पंधरा मिनिटं कुठून आणणार? शिवाय काही मुलांना रागात अंगाला हात लावलेला खपत नाही. त्यांच्यापासून दोन हात लांब, गप्प बसणंच चांगलं. आणि आपण बोलतो फार. ‘का मारलंस? सांग ना, का?’ ही समजूत नाही, उलटतपासणी आहे.

(तिसरा रस्ता म्हणजे हातात मोबाइल देणं. रडं झटकन थांबतं, पण पुढच्या वेळी मूल रागाऐवजी मोबाइलच मागतं.)

माझा कौल असा. मूल मारतंय, चावतंय, फेकतंय आणि ‘नाही’ म्हटलेलं त्याला कळतंय, तर छोटा, शांत टाइम-आउट चालेल. भीती, मत्सर, थकवा किंवा नुसतं रडू असेल तर वेगळं बसवू नका. तिथे शिक्षा होते ती भावनेला, वागण्याला नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला तर कोपऱ्याचा अर्थच लागत नाही. आणि आपलंच डोकं तापलं असेल तर मूल सुरक्षित आहे हे पाहून टाइम-आउट आपण घ्यावा.

त्या दिवशी मी यातलं काहीच धड केलं नाही. ओरडले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांच्या चित्रफिती क्षणाक्षणाला तपासल्या, तेव्हा चांगल्या जमलेल्या जोड्यांचेही सूर बराच वेळ जुळलेले नव्हते. पण तुटलेला सूर ते पुन्हा जुळवून घेत. मी तासाभरानं थोरल्यापाशी जाऊन बसले. ‘मी उगाच ओरडले,’ म्हटलं. तो मान वर न करता म्हणाला, ‘तिनं मुद्दाम नव्हतं पाडलं.’ आणि खालचा लाल ठोकळा माझ्याकडे सरकवला.