नळ गळतोय, एमसीबी पडतोय: कुठलं काम घरी करायचं आणि कुठं माणूस बोलवायचा

मागच्या महिन्यात माझ्या नणंदेनं सोलापुरात शेळगीकडं एक जुनं घर घेतलं आणि राहायला गेल्यापासून रोज फोन. वहिनी, मोरीतला नळ गळलालाय. वहिनी, बेसिनचं पाणी जाईना. वहिनी, गीझर लावला की लाईट जातीय. आणि प्रत्येक फोनला शेवटी प्रश्न तोच, मी करू का माणूस बोलवू? तिला तुकड्या-तुकड्यानं जे सांगत गेले ते इथं एकत्र लिहिते, कारण जुनं घर घेतलेले किंवा भाड्यानं राहायला गेलेले सगळेच या प्रश्नाला येऊन अडकतात, एकतर सगळं मिस्त्रीवर सोडतात नाहीतर व्हिडिओ बघून थेट बोर्डच उघडतात.

माझं ठरवायचं गणित असं की हात लावायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. मागून बंद करता येतंय का, आणि बंद झालंय ते डोळ्याला दिसतंय का. पाण्यात दोन्ही जमतं. नळाखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळचा छोटा वॉल्व, बंद केला, तोटी उघडली, धार थांबली, विषय संपला. विजेत तसं होत नाही, खटका बंद केलेली वायर आणि चालू असलेली वायर दिसायला सारखीच, आणि जुन्या घरात कुणीतरी खटका फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर, बसवायच्या ऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, बसवलेला असतो, म्हणजे खटका बंद, दिवा बंद, पण होल्डरमध्ये करंट आहेच. म्हणून पाण्याच्या कामात आधी स्वतः प्रयत्न, विजेच्या कामात आधी फोन, हे माझं साधं मत. आता एकेक बघू.

गळणारा नळ. हे काम घरी करायचं, याबद्दल मला काही शंका नाही. तोटी दोन प्रकारची असते. जुनी, चार-पाच वेढे फिरवायची, तिच्यात तळाला रबरी वायसर असतो, आणि नवी, अर्ध्या वळणात उघडणारी, तिच्यात आख्खं कार्ट्रिज असतं. नणंदेकडची जुनी होती. खोलली तर वायसर दगडासारखा कडक, त्यावर गोल खाच पडलेली आणि आत बसतो त्या जागेवर पांढऱ्या क्षाराचा थर, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. तो थर साफ न करता नुसता नवा वायसर टाकला तर आठ दिवसांत परत गळणार. वायसर दहा रुपयाला, टेफलॉन टेपचं रीळ तेवढ्यातच, वेळ अर्धा तास. प्लंबर तीनशे म्हणाला होता, त्याचं चूक नाही, त्याला येण्याजाण्याचा वेळ जातोच, पण तो दोन दिवसांनी येणार आणि दोन दिवस थेंब-थेंब बादलीत. अर्ध्या वळणाची तोटी असली तर जुनं कार्ट्रिज हातात घेऊनच दुकानात जायचं, मापात आणि दात्यांत फरक असतो, फोटो दाखवून घेतलेलं बऱ्याचदा बसत नाही. टेप गुंडाळताना आटे समोर धरायचे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचं, उलटं गुंडाळलं की बसवताना सगळी टेप सुटून येते.

पण आपल्या सोलापुरात एक जास्तीची गोष्ट आहे आणि बाहेरच्या व्हिडिओत ती कुणी सांगत नाही. आपल्याकडं उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, तीन-चार, कधी पाच दिवसांनी येतं, आणि वर सिंटेक्समध्ये जे आहे तेच तेवढ्या दिवसांचं. अँगल कॉक नसलेला नळ खोलायचा असेल तर टाकीखालचा वॉल्व बंद करावा लागतो, आणि बोरच्या पाण्यानं जुना वॉल्व क्षारानं जाम झालेला असतो. तो पान्हा लावून जोरात फिरवायचा नाही. दांडा तुटला तर टाकी रिकामी होईपर्यंत थांबवता येत नाही आणि पुढचं पाणी सुटेपर्यंत घर कोरडं. वॉल्व हातानं सहज फिरत नसेल तर तिथं तुमचं काम संपलं, प्लंबरला बोलवा आणि टाकीतलं पाणी खाली आलेलं असताना वॉल्वच बदलून घ्या. आणि खोलाखोली सकाळी करा, म्हणजे काही कमी पडलं तर दुकानं उघडी असतात.

फ्लशची टाकी गळतीय का ते कळत नाही म्हणून लोक महिनोन् महिने सोडून देतात. टाकीत चार थेंब नीळ टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात निळं आलं तर आतलं रबर गेलंय. ते बदलणं घरी होतं. नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी काढून रात्रभर लिंबाच्या रसात नाहीतर व्हिनेगरमध्ये ठेवा, याला माणूस बोलवू नका.

बेसिन तुंबलं तर आधी खालची बाटली, म्हणजे बॉटल ट्रॅप, खाली बादली ठेवून हातानं फिरवून काढायची. नव्वद टक्के माल तिथंच सापडतो, भात, चहाची पत्ती, केस. अ‍ॅसिड ओतायच्या मी पूर्ण विरोधात आहे, आणि अ‍ॅसिड ओतल्यावर काही झालं नाही म्हणून वरून ब्लीच टाकणं तर अजिबात नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर येतो. बाटली साफ करूनही पाणी जात नसेल, किंवा बेसिन सोडलं की मोरीतल्या जाळीतून वर येत असेल, तर तुंबलंय ते पुढं चेंबरला, म्हणजे बाहेरच्या सांडपाण्याच्या खड्ड्याला, तिथं माणूसच लागतो.

भिंतीतली ओल वेगळी. तिथं घरी करण्यासारखं काम फक्त तपासायचं. रात्री सगळे नळ बंद करायचे, टाकीत पाणी कुठवर आहे तिथं खडूनं खूण करायची आणि सकाळी बघायचं. पातळी उतरली असेल तर पाइप किंवा फ्लश गळतोय, तशीच असेल तर ओल बहुतेक वरच्या बाथरूमच्या फरशीतून नाहीतर बाहेरून येतीय. एवढी माहिती हातात असली की प्लंबरशी बोलणं सोपं जातं. नणंदेकडं दोघं येऊन गेले. पहिला आल्या-आल्या म्हणाला आख्खी भिंत फोडावी लागेल. दुसरा म्हणाला, ताई, आधी गरम पाण्याची लाईन बंद करून दोन दिवस बघू, मग पाइपात प्रेशर लावून गळती बघू, मग फोडायचं ते ठरवू. दुसऱ्यानं दिवसाची मजुरी जास्त सांगितली होती तरी मी त्यालाच घ्यायला लावलं, कारण फोडलेल्या फरशीचा खर्च पहिल्याच्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

आता वीज. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पडत असेल तर घरी करायचं एवढंच: सगळे प्लग काढायचे, खटके बंद करायचे, एमसीबी वर करायचा आणि एकेक वस्तू लावत जायचं. ज्या वस्तूला पडतो ती वस्तू बाजूला. काहीही न लावता पडतोय तर दोष वायरिंगमध्ये, पुन्हा-पुन्हा वर करत बसायचं नाही, वायरमन. आणि लोड झेपत नाही म्हणून कुणी मोठा एमसीबी टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा. एमसीबी वायरीला वाचवायला असतो, वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला तर आता तो पडणार नाही, वायर भिंतीच्या आत तापेल. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालणं म्हणजे हेच.

जळका वास, काळं पडलेलं सॉकेट, प्लग काढताना हाताला गरम लागणं, हे मी कधीच घरी करत नाही. गीझर 2000 वॅटचा असला तर 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर ओढतो, आणि कित्येक घरांत तो कन्व्हर्टर, म्हणजे मोठा प्लग छोट्या सॉकेटात बसवायची पिन, लावून 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालू असतो. सॉकेट बदलून उपयोग नाही, मागची वायरपण तपासावी लागते. कायदासुद्धा साधारण हीच रेघ मारतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षेच्या नियमांत दिवा, पंखा, फ्यूज, खटका आहे त्याच क्षमतेचा बदलायला सूट आहे, पण वायरिंग वाढवणं, फिरवणं, दुरुस्त करणं हे परवाना असलेल्या कंत्राटदाराचं काम. दिवा बदला, तोही मेन बंद करून. नवीन पॉइंट काढू नका.

एक लक्षण असं आहे की तिथं फोन करायच्या आधी मेन पाडायचा: घरातले काही दिवे एकदम झगमगले आणि काही मंद झाले. न्यूट्रल सुटल्याची खूण आहे, व्होल्टेज कुठंही जाऊ शकतं, टीव्ही-फ्रिज जळतात. मग शेजारी विचारायचं, त्यांच्याकडंही तसंच असेल तर दोष डीपीकडं, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडं, नाहीतर खांबावर, 1912 ला तक्रार द्यायची. मीटरच्या अलीकडचं आपलं, मीटर आणि पलीकडचं महावितरणचं, मीटरचं सील कुणालाच तोडू द्यायचं नाही.

आणि आता जिथं पाणी आणि वीज एकत्र येतात ते. मोटार, कूलर, गीझर. माझा सगळा जीव खरं तर एवढ्याच भागात अडकलाय.

आमच्या स्वतःच्या घरात झालेलं सांगते. हौदात बुडणारी मोटार, आणि मोटार लावली की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट पाडणारा बोर्डातला डबा, पडायचा. नेमकं पाणी सुटलेल्या दिवशी, म्हणजे हौद भरतोय, वर चढवायची घाई, आणि लाईट सारखी जातीय. एक मिस्त्री आणला, त्यानं दहा मिनिटांत दुरुस्त केलं. सासरे खूश, मीपण. चार महिन्यांनी दुसऱ्या कामाला वायरमन आला, त्यानं बोर्ड उघडला आणि मला बोलवून बॅटरी मारून दाखवलं. आरसीसीबीच्या वरची वायर थेट खालच्या वायरीला जोडलेली, मध्ये तो डबा नुसता शोभेला. मग त्यानं मेन पाडून हौदातून मोटार वर घेतली. केबलला जॉइंट होता, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, फुगून सुटलेली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. तो जॉइंट चार महिने पाण्यात होता आणि आम्ही त्या हौदातून रोज घागर बुडवून पाणी घेत होतो. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून हे नीट समजून घ्या. एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही, कारण माणसाला मारायला पन्नास-शंभर मिलीअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहावा भागसुद्धा, पुरतात आणि एमसीबी 16 अँपिअरची वाट बघतो. आरसीसीबी 30 मिलीअँपिअर गळती झाली की पाडतो. तो पडतोय म्हणजे बिघडलाय असं नाही, कुठंतरी करंट गळतोय हे तो सांगतोय. तो काढून किंवा बायपास करून देणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको. मोटार घुं-घुं करून फिरत नसेल तरी झाकण उघडू नका, आतला कपॅसिटर बंद केल्यावरही करंट धरून असतो. मोटार चालू असताना हौदात हात, घागर, झाडू काही नाही. मोटारीत घरी करायचं काम म्हणजे हौदाबाहेर वर बसवलेल्या मोनोब्लॉक मोटारीला हवा धरली तर मेन बंद करून पाणी भरणं, त्यापुढं नाही.

कूलर तर आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये घरोघरी, उन्हाळ्यात पारा 44 च्या पुढं गेला की दिवसरात्र चालू. पत्र्याचा कूलर असेल तर पाणी भरताना प्लग काढायचा, नुसता खटका बंद नाही. प्लग तीन पिनाचा पाहिजे आणि त्या सॉकेटला खरंच अर्थिंग आलंय का ते वायरमनकडून मोजून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं, मार्चपासून त्यात पाणी सोडत राहा. अंगाला मुंग्या आल्या तरी लोक चप्पल घालून कूलर वापरतात. वापरू नका, त्याच दिवशी माणूस बोलवा.

गीझरला क्षारानं आतलं एलिमेंट खराब होतं आणि त्यातून करंट पाण्यात येतो, नणंदेचं तेच निघालं. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या, किंवा गीझर लावला की आरसीसीबी पडणं, दोन्हीला कंपनीचा माणूस. गल्लीतल्या मिस्त्रीपेक्षा महाग पडतो, पण सेफ्टी वॉल्व आणि थर्मोस्टॅट त्याच मॉडेलचा बसतो, इथं मी पैसे वाचवत नाही.

तर बोलवायचा कुणाला? नळ, फ्लश, चेंबर यांना गल्लीतला ओळखीचा प्लंबर सगळ्यात चांगला, त्याला तुमच्या घराची लाईन कुठून गेलीय ते माहीत असतं आणि पाणी सुटायच्या दिवशी हाक मारली तर येतो. रस्त्यातली लाईन फुटली किंवा नळाला घाण पाणी आलं तर ते महापालिकेचं, झोन ऑफिसला तक्रार, रस्ता स्वतः खणायचा नाही. वायरिंग, बोर्ड, अर्थिंग, मोटारीची केबल यांना परवाना असलेला वायरमन, आणि परवाना बघायला मागायला लाजू नका. काम झाल्यावर, पैसे द्यायच्या आधी, लाईट चालू असताना त्याला म्हणायचं, दादा, आरसीसीबीवरचं ते टेस्टचं बटन एकदा दाबून दाखवा. घरातली लाईट खाडकन गेली, की मग पैसे द्यायचे.