२५ डॉलर वाचले, अ‍ॅप गेलं

‘पब्लिश आमच्याच अकाउंटवरून करतो, तुम्ही कशाला वेगळं काढताय?’ पहिलंच अ‍ॅप करणाऱ्या मित्रांना बाहेरच्या डेव्हलपरकडून हे वाक्य हमखास ऐकवलं जातं, आणि ऐकताना ते उपकारासारखं वाटतं. गूगल प्ले कन्सोलची, म्हणजे प्ले स्टोअरवर अ‍ॅप चढवायच्या डेव्हलपर खात्याची, नोंदणी फी २५ डॉलर आहे, तीही एकदाच भरायची. रुपयांत दोन हजारांच्या थोडी वर. (अ‍ॅपलची फी वर्षाला ९९ डॉलर, म्हणून हौशी गट सहसा अँड्रॉइडवरूनच सुरुवात करतात.) हे दोन हजार वाचवायच्या नादात सगळं काम दुसऱ्याच्या नावावर चढतं, आणि चढलंय हे कळायला सहा-आठ महिने जातात.

समजा तिघांनी मिळून गावातल्या मेस आणि डबे देणाऱ्या काकूंसाठी अ‍ॅप काढलं. एकाला थोडं फ्लटर (अ‍ॅप बांधायचं साधन) येतं, दुसरा डिझाइन बघतो, तिसरा दारोदार फिरून मेसवाल्यांना तयार करतो. सर्व्हर आणि पेमेंटचं जमेना म्हणून बाहेरचा डेव्हलपर गाठला. अ‍ॅप त्याच्याच खात्यावरून लाइव्ह झालं, पेढे वाटून झाले. मग एक दिवस डब्याचे दर बदलायचे म्हणून अपडेट हवा होता, तर उत्तर आलं: ‘अपडेटचे पाच हजार होतील.’ पुढच्या वेळी आठ हजार. त्यानंतर फोन उचलणंच बंद.

आता दुसरीकडून अपडेट करून घ्यावं म्हटलं तर ते होत नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपला एक पॅकेज नेम असतं, कॉम-टिंब-अमुक-टिंब-तमुक अशा धाटणीचं. ते एकदा चढलं की बदलत नाही, आणि तेच नाव दुसऱ्या खात्यातून पुन्हा चढवता येत नाही. इन्स्टॉल, रेटिंग, रिव्ह्यू सगळे त्या नावाला चिकटलेले. नवीन नावाने अ‍ॅप टाकलं तर प्रत्येक काकूला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘जुनं काढा, हे नवीन घ्या’ म्हणून सांगत फिरायचं. शिवाय हात लावला नाही तरी भागत नाही. गूगल दरवर्षी टार्गेट एपीआय लेव्हल, म्हणजे अ‍ॅप किमान कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी बांधलेलं हवं ती अट, वाढवतं, त्याची मुदत साधारण ३१ ऑगस्टची असते. ती चुकली की नवे अपडेट अडतात, आणि अ‍ॅप फारच मागे राहिलं तर नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या माणसाला ते दिसेनासं होतं. खातं ज्याच्या हातात, त्याला हे वार्षिक गिऱ्हाईक आयतंच मिळतं.

त्याच खात्यात इतर तीस-चाळीस गिऱ्हाइकांची अ‍ॅप्स असतात, हा आणखी वेगळा धोका. त्यातल्या एखाद्याने धोरण मोडलं आणि खातं बंद झालं की डब्याचं अ‍ॅपही सोबत स्टोअरवरून जातं. कोणाची चूक होती हे गूगल विचारत बसत नाही.

मालकी परत मागितली की ‘गूगलमध्ये ट्रान्स्फर होतच नाही’ असं सांगतात. ही सरळ थाप आहे. एका डेव्हलपर खात्यातून दुसऱ्यात अ‍ॅप हलवायची सोय कन्सोलमध्येच आहे, त्याला गूगलची फी नाही, आणि इन्स्टॉल-रेटिंग-रिव्ह्यू सोबत येतात. आपलं खातं नोंदवलेलं हवं आणि नोंदणी फी भरल्याचा ट्रान्झॅक्शन आयडी हाताशी हवा, बस. अडचण इतकीच की विनंती जुन्या खात्याच्या मालकाने टाकायची असते. म्हणून शेवटचा हप्ता सुटण्याआधी ट्रान्स्फर. नंतर नाही.

खरं तर ही वेळच येऊ देऊ नये. कन्सोल गटातल्या एकाच्या नावाने काढा, पण त्यासाठी वेगळा जीमेल करा. रोजचा, बँकेचा, शॉपिंगचा वापरू नका. रिकव्हरीचा फोन एकाचा, रिकव्हरीचा ईमेल दुसऱ्याचा. डेव्हलपरला ‘युझर्स अँड परमिशन्स’मधून आमंत्रण पाठवून फक्त त्या अ‍ॅपचं रिलीज करण्याची परवानगी द्या. काम संपलं की एका क्लिकवर काढून टाका. पासवर्ड कुणाला द्यायची गरजच पडत नाही. जो ‘पासवर्डशिवाय अपलोड होत नाही’ म्हणतो, त्याला एक तर काम येत नाही, नाहीतर हेतू वेगळा आहे.

‘कीस्टोअर हरवली, आता नवीनच अ‍ॅप करावं लागेल’ ही दुसरी भीती. (कीस्टोअर म्हणजे अ‍ॅपवर डिजिटल सही करायच्या किल्लीची फाइल.) ऑगस्ट २०२१ पासून नवी अ‍ॅप्स अ‍ॅप बंडल (स्टोअरवर चढवायची फाइल) म्हणून चढतात आणि सही करायची मूळ किल्ली गूगलकडे असते. डेव्हलपरकडे असते ती अपलोड की. ती हरवली तर खात्याच्या मालकाला कन्सोलमधून नवी मागता येते. दोनेक दिवस जातात, अ‍ॅप जात नाही.

नवीन वैयक्तिक खात्याला एक कटकट आहे, आणि तिच्यावरच एक अख्खा बाजार उभा राहिलाय. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, करावं लागतं: आधी २० टेस्टर लागत, डिसेंबर २०२४ पासून १२, आणि तेही सलग १४ दिवस जोडलेले हवेत. हे कळलं की लगेच दोन प्रकारचे विक्रेते भेटतात. एक जण टेस्टर विकतो. दुसरा ‘जुनं अकाउंट, टेस्टिंगची भानगड नाही’ म्हणत खातंच विकतो.

विकतचे टेस्टर म्हणजे कॉम्प्युटरवर चालवलेले नकली फोन किंवा एकदा लिंक दाबून पसार झालेली खाती. आठव्या-नवव्या दिवशी आकडा बाराच्या खाली येतो आणि चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. समजा १४ दिवस निभावले, तरी अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करायच्या अर्जात प्रश्न येतात: टेस्टरनी काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललं? इथे ‘ऑल गुड, नाइस अ‍ॅप’ लिहिलं की अर्ज परत आणि टेस्टिंग पुन्हा चालू. त्यापेक्षा ओळखीचे अठरा-वीस जण धरा, म्हणजे चार-पाच गळले तरी चालतं. सगळ्यात जास्त चूक इथे होते: यादीत एक जीमेल दिलेला असतो आणि फोनच्या प्ले स्टोअरमध्ये दुसराच चालू असतो, त्यामुळे लिंक उघडत नाही. प्रत्येकाला प्ले स्टोअरच्या वरच्या कोपऱ्यातला गोल दाबून तिथे दिसणारा ईमेलच पाठवायला सांगा. आणि इंटर्नल टेस्टिंग या वेगळ्या चाचणीतले लोक या बारांत धरले जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

खातं विकत घेण्याचा प्रकार तर साफ बुडवणारा. गूगलला खात्यांची ही खरेदी-विक्री मान्य नाही, आणि विकणाऱ्याकडे जुना रिकव्हरी नंबर असतोच. पैसे पोचल्यावर महिन्याभराने तो ‘पासवर्ड विसरलो’ करून खातं परत ओढतो. तक्रार कुणाकडे करणार? त्याच्या उलटा प्रकार जास्त गंभीर. ‘तुमच्या कन्सोलवर आमचं एक अ‍ॅप टाका, दरमहा भाडं देतो.’ असं अ‍ॅप बऱ्याचदा बनावट कर्जाचं किंवा सट्ट्याचं निघतं. स्टोअरवर नाव तुमचं, ओळखपत्र तुमचं, पत्ता तुमचा. ज्याला त्या अ‍ॅपमधून धमक्या आल्या, त्याच्या फिर्यादीत पहिलं नाव कुणाचं येईल हे सांगायला नको. वर खातं बंद झालं की गूगल त्याच्याशी जोडलेली इतर खातीही बंद करतं, म्हणजे डब्याच्या अ‍ॅपचीही वाट लागते.

आता कोडकडे. ‘झिप दिलीय ना’ म्हणून गट निश्चिंत असतो आणि झिपमध्ये असते एपीके, म्हणजे फोनवर टाकायची फाइल. ती तयार पोळी, पीठ नव्हे. गिट रिपॉझिटरी (कोड आणि त्यातले बदल साठवायची ऑनलाइन जागा) गटाच्या खात्यात पहिल्या दिवशी उघडा आणि डेव्हलपरने तिथेच रोजचं काम टाकावं असं ठरवा. फ्लटरचं काम असेल तर लिब फोल्डर, पबस्पेक फाइल, अँड्रॉइड फोल्डर, गूगल सर्व्हिसेसची जेसॉन फाइल, अपलोड की आणि तिचे पासवर्ड एवढं हवंच. परीक्षा सोपी आहे: ज्या लॅपटॉपवर हे काम कधीच झालेलं नाही, तिथे कोड उतरवून अ‍ॅप बंडल बांधून बघा. बांधलं गेलं, फोनवर उघडलं, ओटीपी आला, चाचणीची ऑर्डर सर्व्हरवर पोचली, तरच कोड मिळाला म्हणायचं. फायरबेसमध्ये (अ‍ॅपचा डेटा आणि लॉगिन सांभाळणारी गूगलची सेवा) आपला ईमेल ‘ओनर’ दिसतोय का, नुसता ‘व्ह्यूअर’ तर नाही ना, तेही त्याच बैठकीत बघा. डोमेन, एसएमएसचं खातं, पेमेंट गेटवेची केवायसी, नकाशाच्या सेवेच्या बिलाला जोडलेलं कार्ड, यातलं काहीही डेव्हलपरच्या नावाने असलं तर दोरी त्याच्याच हातात.

‘स्क्रॅचपासून बनवतो’ म्हणून साठ हजार घेऊन तयार टेम्प्लेट रंग बदलून देणारेही कमी नाहीत. टेम्प्लेट वापरणं हा गुन्हा नाही, वेळ वाचतो. न सांगता विकणं ही फसवणूक. तिसऱ्याच दिवशी पूर्ण डेमो आला, न मागितलेल्या सोयी त्यात आहेत, सेटिंगमध्ये कुठेतरी डॉलरचं चिन्ह राहिलंय, ड्रायव्हरच्या स्क्रीनवर अजून पिझ्झाचं चित्र आहे, की समजा. मग लायसन्स कुणाच्या नावावर घेतलंय ते विचारा. ‘फुकट मिळालं’ म्हटलं तर तो चोरीचा, कुलूप फोडलेला कोड असतो आणि आत कुणी काय घुसवलंय ते कळत नाही. शिवाय सगळीकडे दिसणाऱ्या एकसारख्या अ‍ॅपला गूगल स्पॅम म्हणून नाकारूही शकतं.

मार्केटिंगमध्ये मात्र लोक डोळे उघडे ठेवून खड्ड्यात जातात. ‘७ दिवसांत १०,००० इन्स्टॉल, गॅरंटी, सोबत ५०० फाइव्ह स्टार’ असा मेसेज येतो आणि प्ले स्टोअरवरचा ‘१० ह+’ डोळ्यासमोर नाचायला लागतो. हे इन्स्टॉल येतात कुठून? नकली फोनच्या रांगांतून, किंवा ‘हे अ‍ॅप उतरवा, दोन रुपये मिळवा’वाल्या अ‍ॅप्समधून. कन्सोलमधलं स्टॅटिस्टिक्सचं पान उघडून आलेख नीट बघा. खरी वाढ ओबडधोबड असते, मेसच्या वेळेला फुगते, रविवारी बसते. विकतची वाढ करवतीने कापल्यासारखी सरळ वर जाते, ठरलेला आकडा गाठला की तशीच खाली. देशानुसार फोड केली तर डब्याच्या अ‍ॅपला भलत्याच देशांतून गिऱ्हाईक. फोनच्या मॉडेलनुसार केली तर दोन-तीनच मॉडेल सगळीकडे. फायरबेसमध्ये दुसऱ्या दिवशी परत आलेले जवळजवळ शून्य, आणि ऑर्डर तर एकही नाही. रिव्ह्यू वाचले तर ‘गुड’, ‘नाइस’, ‘व्हेरी यूजफुल अ‍ॅप’, सगळे एकाच दुपारचे. डब्यात मीठ जास्त पडलं अशी एकही तक्रार नाही. खऱ्या गिऱ्हाइकांत हे शक्य आहे का?

विकतचे इन्स्टॉल आणि रिव्ह्यू गूगलच्या धोरणात बसत नाहीत. रिव्ह्यू उडवले जातात, अ‍ॅपही काढलं जाऊ शकतं. जाहिराती लावल्या असतील तर खरा फटका अ‍ॅपमधल्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडमॉबमध्ये बसतो. गटाला खूश करायला इन्स्टॉल विकणारी तीच माणसं जाहिरातींवर क्लिकही मारतात. चार दिवसांत खात्यात ७०-८० डॉलर दिसतात, पण तो अंदाजी आकडा असतो. १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि त्याआधीच ‘इनव्हॅलिड ट्रॅफिक’ म्हणून रक्कम कापली जाते किंवा खातंच बंद होतं.

खरी जाहिरात करायची तर गूगल अ‍ॅड्सचं खातं आपल्या नावाने, कार्ड आपलं, आणि एजन्सीला मॅनेजर म्हणून जोडायचं. एजन्सीची फी वेगळी द्या. वीस हजार एकरकमी तिच्या खात्यात टाकले तर त्यातले गूगलपर्यंत किती पोचले याचा पत्ता लागत नाही. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका. ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’मधून १२चे १२,००० करायला अर्धं मिनिट पुरतं. स्क्रीन शेअर करून पान रीलोड करायला सांगा. प्रत्येक मार्केटिंगवाल्याला यूटीएम (गिऱ्हाईक कुणामार्फत आलं ते ओळखायची खूण) लावलेली वेगळी लिंक द्या, कुणाकडून किती आले ते कन्सोल सांगतं. बिलावर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवरच्या ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकून बघा. नाव जुळत नाही असं निघालं तर तिथेच थांबा. ‘तुमच्या अ‍ॅपची टॉप १० स्टार्टअपमध्ये निवड झालीय, नॉमिनेशन फी भरा’ या फोनबद्दल वेगळं लिहीत नाही.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर आधी व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करा, मग भांडा. भांडणानंतर समोरचा ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करत बसतो. यूपीआयचे यूटीआर (व्यवहाराचे) क्रमांक, तारखा, कन्सोलचे पत्त्याच्या पट्टीसकट स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. खातं विकणाऱ्यासारखा सरळ गंडा असेल तर लगेच १९३० वर फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. पण काम अर्धवट टाकलं किंवा उशिरा दिलं, एवढ्यावर ठाण्यात बऱ्याचदा ‘हा दिवाणी वाद आहे’ असंच ऐकायला मिळतं. तिथे वकिलाची नोटीस आणि लेखी करार कामाला येतो.

करारात एक वाक्य बहुतेक कुणीच घालत नाही. पैसे दिले म्हणून कोड आपला होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकराने नोकरीत लिहिलेलं काम मालकाचं, पण फ्रीलान्सरने लिहिलेलं त्याचंच राहतं. हक्क हवे असतील तर कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचं लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून ‘सोर्स कोड व डिझाइनचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी हस्तांतरित’ असं स्पष्ट लिहून घ्या. तिघा मित्रांपैकी ज्याने कोड लिहिला त्याच्याकडूनही घ्या, मैत्री कितीही जुनी असो. डेव्हलपरने तेच डब्याचं अ‍ॅप शेजारच्या शहरात दुसऱ्या नावाने चढवलं, तर गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करताना तुमच्या हातात दाखवायला हाच कागद असतो.