हिक्सचा सिंह की पॉवर्सची गोधडी?

पेनसिल्व्हेनियाचा एडवर्ड हिक्स पाट्या रंगवणारा कारागीर आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा उपदेशक. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या भविष्यवाणीतलं, शांततेच्या राज्याचं एकच दृश्य त्यानं साठाच्या आसपास वेळा रंगवलं: लांडगा कोकराशेजारी, चित्ता करडाजवळ, सिंह वासरापाशी. बऱ्याच चित्रांत मागे पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन तिथल्या मूळच्या लेनापे लोकांशी करार करतोय. १८२७ मध्ये क्वेकरांत फूट पडली आणि पुढे त्याचा सिंह थकलेला, डोळे वटारलेला दिसू लागला. शांतता आहे, पण दातओठ आवळून.

हॅरिएट पॉवर्स १८३७ साली जॉर्जियात गुलामीत जन्मली. तिची चित्रं म्हणजे गोधडीवर कापून शिवलेले कापडाचे तुकडे. पहिली गोधडी तिनं तंगीत पाच डॉलरला विकली. मागितले होते दहा. बॉस्टनच्या संग्रहालयातल्या दुसरीत पंधरा चौकटी आहेत. बायबलमधला जहाजातून फेकलेला योना, मोशेचा साप आणि त्यांच्याच पंगतीत १८३३ चा उल्कावर्षाव! लोकांना वाटलं होतं, जगबुडी आली.

हिक्सचं राज्य अजून यायचंय. पॉवर्सचा देव कालपरवापर्यंत आभाळातून तारे पाडत होता. रेखाटनात दोघंही कच्चे म्हणा हवं तर. माझ्या भिंतीवर जागा एकाचीच असेल, तर गोधडी.