इंडी प्रोड्युसरची फी कशी ठरवायची, ऑनलाइन वर्कशॉपचा अनुभव

दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, विषय एकच, स्वतंत्र सिनेमा करणाऱ्या प्रोड्युसरने स्वतःचे पैसे किती आणि कधी घ्यायचे. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे शिकवणाऱ्या मॅडमनी अख्खी बजेट शीट स्क्रीनवर उघडली आणि वरच्या भागात, लेखक-दिग्दर्शक-कलाकारांचे आकडे असतात ना, तिथेच प्रोड्युसर फीची ओळ दाखवली. बरेच जण तिथे शून्य टाकतात, मीपण पहिल्या फिल्मला तेच केलं आणि दीड वर्ष फुकट राबले, अजून त्रास होतो आठवलं की.

फी बऱ्याचदा बजेटच्या 5 टक्क्यांच्या आसपास धरतात पण बजेट छोटं असेल तर किती महिने काम करणार ते मोजून ठरावीक रक्कमच लिहा, आणि ती प्री-प्रॉडक्शन (शूटआधीची तयारी), शूट, पोस्ट (शूटनंतरचं एडिटिंग वगैरे), डिलिव्हरी (तयार फिल्म सोपवणं) अशा टप्प्यांत घ्या, हे एकदम पटलं. कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री आपल्याच फीला लागते.

डिफर्ड फी, म्हणजे आत्ता न घेता फिल्मची कमाई आल्यावर घ्यायची फी, आणि नफ्यातला वाटा यातला फरकसुद्धा मस्त उलगडला. कमाईतून आधी सेल्स एजंटचं (फिल्म विकून देणाऱ्याचं) कमिशन आणि खर्च, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल, त्यावर बरेचदा 20 टक्के जास्त, आणि त्यानंतर काही उरलं तर गुंतवणूकदार आणि प्रोड्युसर यांच्यात 50-50, म्हणजे नुसत्या वाट्यावर घर चालत नाही.

को-प्रोड्युसर असतील तर फी कशी वाटायची यावर मात्र पाचच मिनिटं दिली, तिथेच तर खरी भांडणं होतात! तरी बजेट लॉक (फायनल) करायच्या आधी हे वर्कशॉप नक्की करा.