जग कुणाकडे झुकणार: कुणाचा अंदाज कशासाठी धरायचा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानदाराला कर्ज काढून नवं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायचंय. खानापूरच्या एका घरात मुलीला जर्मन लावायचं की जपानी, यावर खल चाललाय. दोघंही यूट्यूबवर ‘2050 ची महासत्ता’ बघून आणखीच गोंधळतात. कारण हे अंदाज एका जातीचे नसतात.

सगळ्यात जास्त गाजतात ते जीडीपीचा आलेख पुढे ओढणारे. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेनं 2003 मध्ये सांगितलं, चीन अमेरिकेला 2040 च्या आसपास गाठेल. काही वर्षांत ती तारीख 2027 वर आली, आणि 2022 मध्ये पुन्हा 2035 कडे सरकली. याच मंडळींच्या हिशेबात चीन जपानला 2015 पर्यंत मागं टाकणार होता. त्यानं ते 2010 मध्येच केलं. म्हणजे दिशा बरोबर, तारीख बेभरवशाची. डॉलरमध्ये मोजलं तर चीनची अर्थव्यवस्था 2021 मध्ये अमेरिकेच्या साधारण पाऊणपट झाली होती, तिथून ती घसरून दोन तृतीयांशाच्या आसपास आली. 1980 च्या दशकात हीच भाकितं जपानबद्दल होती. तिथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 1989 च्या शिखरावर परत पोचला तो थेट 2024 मध्ये. तसं तारखा देणाऱ्यांकडे कसं बघायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 1956 पासूनचा, दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात, आणि निकालाचे अंदाज दर निवडणुकीला ताजे.

लोकसंख्येचा अंदाज रटाळ वाटतो, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर. 2045 साली विशीत असणारी पोरं आत्ताच पाळण्यात आहेत, ती मोजता येतात. चीनची लोकसंख्या 2022 पासून घटतेय, 2023 मध्ये भारत पुढे गेला. पण नुसत्या डोक्यांनी ताकद येत नाही. शिवाय ‘तरुण भारत’ म्हणताना आपण स्वतःला त्यात धरतो, ते जरा तपासून बघा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे दर बाईमागे 1.7 मुलं, बिहारमध्ये 3. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतात. उद्याचे कामगार कुठून येणार, ते यातच आलं.

ऑस्ट्रेलियातल्या लोवी इन्स्टिट्यूटच्या, आशियाई देशांची ताकद मोजणाऱ्या निर्देशांकात 2024 मध्ये भारत जपानला मागं टाकून तिसरा आला, त्याचे मथळे झाले. तो आजचा फोटो आहे, भाकीत नव्हे. पुढे चला.

टक्क्यांत बोलणाऱ्यांची गोष्ट वेगळी. फिलिप टेटलॉक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 284 तज्ज्ञांची भाकितं वीसेक वर्षं तपासली. जेवढा तज्ज्ञ प्रसिद्ध, तेवढी त्याची भाकितं कच्ची, असं दिसलं. पुढे झालेल्या भाकितांच्या स्पर्धांत ‘60 टक्के शक्यता’ असं म्हणून बातमीगणिक आकडा बदलणारी साधी माणसं सरस ठरली. मात्र त्यांची धार वर्षभराच्या प्रश्नांवर. तीन-पाच वर्षांवर ती बोथट होते.

उरले अनेक शक्यता मांडणारे. अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तचर परिषदेनं 2021 मध्ये 2040 ची पाच वेगवेगळी चित्रं मांडली, जिंकणार कोण ते सांगितलंच नाही. वाचताना चिडचिड होते. पण याच परिषदेच्या 2008 च्या अहवालात जागतिक साथीचा इशारा होता.

आता मशीनचं. हप्ते पाच-सात वर्षांचे, तेव्हा 2050 चा इथं संबंधच नाही. पुढच्या वर्षासाठी टक्केवाल्यांचं ऐका, त्यापुढं शक्यतावाल्यांची रीत वापरा. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं; तसं पुन्हा झालं तर हप्ता कशातून भरणार, ते कागदावर मांडा. सगळी ऑर्डर एकाच देशाची असेल तर मी मशीन घेणार नाही.

मुलीसाठी मात्र लोकसंख्याच धरा. जपान आणि जर्मनी, दोन्ही म्हातारे होत चाललेत, आणि जपाननं 2019 पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसाच काढलाय. दोघांत निवड या आकड्यांवरून होत नाही. बेळगावात ज्या भाषेचा शिक्षक चांगला मिळेल, ती घ्या.