चहा चार स्टार, टीव्ही पाच स्टार

भुसावळात ग्राउंडजवळचं हे चहा-पोह्याचं दुकान, रविवारी बास्केटबॉलची प्रॅक्टिस झाली की आमचं टोळकं इथेच पडीक. पोहे बरे, कचोरी कधीकधी कालची वाटते, चहा एक नंबर. पण खरी गंमत टीव्हीची आहे भो. मालक स्वतः खेळलेले, त्यामुळे थंडीत सगळं गाव भरीत पार्टीच्या तयारीत असतं तेव्हा इथे सकाळी ६ ला एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) लाइव्ह, आणि मॅच नसली की मोबाईल जोडून जुन्या मॅचेस.

मागच्या वेळी १९८४ ची लेकर्स-सेल्टिक्स फायनल लावलेली, चौथी मॅच. लेकर्सचा रॅम्बिस जोरात बास्केटकडे निघालेला, सेल्टिक्सच्या मॅकहेलने मानेत हात घालून आपटलाच त्याला, आमची पोरं म्हणे गेला हा बाहेर, तर कसलं काय, साधा फाउल! फ्लॅग्रंटचा, म्हणजे विनाकारण जोरात केलेल्या फाउलला जादा शिक्षेचा, आजचा नियम तेव्हा नव्हताच. शेजारचे एक काका पूर्वी शाळांच्या मॅचला शिट्टी वाजवायचे, ते लगेच सुरू, "आता नुसता हात लागला तरी शिट्टी, हे काय खेळणं हाये का रे भो?"

काकांचं अर्धं पटतं. २००४ पासून हँडचेकिंगवर, म्हणजे बॉलवाल्याला हात लावून अडवण्यावर, कडक शिट्टी वाजायला लागली आणि बारक्या, बॉल घेऊन पळणाऱ्या गार्ड लोकांना रान मोकळं झालं हे खरं, पण डिफेन्सलाही मिळालंच ना, २००१ पर्यंत झोन (एकेक माणूस न धरता जागा सांभाळायचा डिफेन्स) बंद होता, तो आता चालतो. आणि बॉलवाल्याने मुद्दाम अंग वाकडं करून फाउल काढायचं नाटक २०२१ पासून बरंच बंद पाडलंय. मला तर वाटतं खेळ बदलला तो शिट्टीपेक्षा हिशोबाने. लांबून १०० टू (दोन पॉइंटचे शॉट) मारले, ४० पडले तर ८० पॉइंट, लाइनच्या बाहेरून १०० थ्री (तीन पॉइंटचे) मारले आणि ३६ च पडले तरी १०८. थ्रीची लाइन १९७९ ला आली, तेव्हा एक टीम मॅचमध्ये सरासरी तीनसुद्धा मारत नव्हती, आता ३५ च्या वर! पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, पाठ लावून खेळणारे उंच बिग मॅन मात्र मला मनापासून आठवतात.

रिव्ह्यूला वेळ फार जातो, तेवढं बोअर. रेफ्री स्क्रीनकडे वळला की मालक बरोबर विचारतात, "अजून एक हाफ?" २०१९ पासून कोचला रेफ्रीच्या निर्णयाला चॅलेंज द्यायची सोय मिळाल्यावर यांचा धंदा नक्की वाढला असणार.

लाइव्ह बघायची असेल तर साडेपाचलाच जा, टीव्हीसमोर एकच बाकडं आहे आणि त्यावर काका असतात.